पटाची जोडी

रिसोडात माणूस कार घेतो तेव्हा ती त्याच्यासाठी नसतेच. ती आईच्या गुडघ्यांसाठी असते, अकोल्याच्या डॉक्टरसाठी असते, मेव्हण्याच्या लग्नासाठी असते, आणि सोयाबीन बियाण्याच्या चार बॅगांसाठी तर असतेच असते. चालवणाऱ्याचा तिच्याशी संबंध हप्त्यापुरता. म्हणून आमच्या गल्लीतल्या सरांनी (वय पंचेचाळीसच्या पुढं, विषय भौतिकशास्त्र, वाशिमला रोजचं अपडाऊन) 'चालवायला मजा येईल अशी एक छोटी, जुनी स्पोर्ट्‌स कार पाहतोय' असं चहाच्या टपरीवर जाहीर केलं, तेव्हा पहिला प्रश्न तब्येतीचा आला.

"सर, एवढ्यात शुगर तपासली का?"

आमच्याकडं गाडीची परीक्षा तीन प्रश्नांत उरकते. अ‍ॅव्हरेज किती, मागं माणसं किती बसतात, आणि विकताना किती येतील. पांढरी डिझेल गाडी तिन्ही प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण घेते, म्हणून तालुक्यात जिकडंतिकडं पांढरी डिझेल उभी दिसते. पुढच्या काचेवर आडनाव, मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद. मजा हा विषय अभ्यासक्रमातच नाही. तिचा अ‍ॅव्हरेज काढता येत नाही आणि विकताना तिचे वेगळे पैसे येत नाहीत.

सरांनी मला सल्लागार नेमलं. माझी पात्रता एवढीच की गाड्यांची मासिकं मी वाचनालयात नियमित वाचतो आणि स्वतः स्कूटर चालवतो, त्यामुळं माझं मत कुठल्याही कंपनीला बांधलेलं नाही.

आता 'स्पोर्ट्‌स कार' म्हटलं की बाहेरच्या जगात दोन सीटांची, बुटकी, छप्पर उघडणारी गाडी डोळ्यांपुढं येते. जपानच्या माझदानं १९८९ साली 'एमएक्स-५' ही तसली चिमुकली गाडी काढली आणि २०१६ पर्यंत ती दहा लाखांवर बनली. आपल्याकडं मात्र ती कधी अधिकृतपणे आलीच नाही. आपलीही एक होती बरं का. 'सॅन स्टॉर्म' नावाची, फायबरची बॉडी, रेनॉचं इंजिन, दोन सीट, छप्पर गायब. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निघाली आणि फारशा कोणाला न दिसता दिसेनाशी झाली. सरांचं मन काही काळ तिच्यावर गेलं होतं. मी त्यांना फक्त मे महिन्याची आणि ऑक्टोबरची आठवण दिली. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४४ च्या वर गेला की माणूस छप्पर उघडायच्या नव्हे, आणखी एक छप्पर घालायच्या विचारात असतो. आणि ऑक्टोबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी यंत्रं चालू असतात. उघड्या गाडीतून वाशिमला पोहोचेपर्यंत सरांच्या खिशात, कॉलरमध्ये आणि हजेरीपटात कुटार भरलं असतं.

दोन सीटांचा एक फायदा मात्र त्यांनी मांडला आणि तो मला पटला. रिसोडहून वाशिमला जाताना कुठल्या ना कुठल्या फाट्यावर ओळखीचा माणूस उभा असतोच. गाडीत जागा दिसली की तो हात करतो, मग त्याच्यासोबतचा करतो, मग त्यांचं पोतं. दोन सीटांच्या गाडीला हात करून काय उपयोग? वहिनींनी हा मुद्दा एका वाक्यात निकालात काढला.

"मंग आई कुठी बसतीन? डिक्कीत?"

म्हणजे चार दारं ठरली. 'हॉट हॅच' म्हणतात त्या जातीकडं, घरगुती चेहऱ्याच्या पण इंजिन तापट असलेल्या गाड्यांकडं, आम्ही वळलो. आणि इथं लक्षात येतं की आपल्या देशात ही जात इतकी विरळ का. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारनं छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. व्याख्येत बसली तर कर कमी, नाही बसली तर भरा. मग काय, कंपन्यांनी इंजिनं कापून बाराशेच्या आत बसवायला घेतली. मारुतीच्या स्विफ्टचं १.३ लिटरचं गुणी इंजिन २०१० मध्ये १.२ झालं. फोक्सवॅगनच्या पोलो जीटीचं इंजिन ११९७ सीसीचं. तीन सीसीनं कर वाचवला. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाड्यांवर १८ टक्के झाला, पण व्याख्या तीच राहिली. सरकारच्या लेखी मजा १२०० सीसीला संपते.

जुन्या बाजारात तरी काय उरतं? उरतं, आणि अभिमानानं सांगायचं तर त्यातलं बरंचसं महाराष्ट्रातच बनलेलं आहे. फियाटची पालिओ १.६. २००१ मध्ये ती आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करत होता आणि त्याच्या नावानं 'एस-१०' ही खास आवृत्तीही निघाली. शंभराच्या आसपास अश्वशक्ती, वजनदार स्टिअरिंग, आणि पेट्रोल पिण्याची अशी हौस की पंपावरचा पोरगा तिला पाहून उठून उभा राहायचा. पोलो जीटी चाकणची. तिच्यात सात गिअरची आपोआप बदलणारी दोन क्लचची पेटी. चालवायला लोणी, पण याच जातीच्या पेटीतलं तेल बदलण्यासाठी कंपनीनं २०१३ मध्ये जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. रिसोडात ती पेटी रुसली तर तिची समजूत काढणारा माणूस कोण? आमचे मिस्त्री ट्रॅक्टरपासून टाटा एसपर्यंत सगळं खोलतात. त्यांना मी विचारलं. त्यांनी पान्यानं पाठ खाजवत सांगितलं, "दोन क्लच? एका क्लचनंच लोकायचे घरं बसले, भाऊ."

सरांचा जीव मात्र तिसरीवर जडला. अबार्थ पुंटो. रांजणगावला बनलेली, २०१५ च्या ऑक्टोबरात आलेली, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, शून्यापासून शंभरावर ८.८ सेकंदांत जाते असा कंपनीचा दावा. त्या काळी दहा लाखांच्या आत एवढी ताकद दुसरं कोणी देत नव्हतं. सरांनी मोबाईलवर फोटो दाखवला. पांढरी गाडी, लाल पट्टे, लाल आरसे, आणि नाकावर भला मोठा विंचू.

सरांच्या आईंनी, म्हणजे आजींनी, चष्मा लावून पाहिला.

"बापा! गाडीवर इच्चू?"

सरांनी समजावलं की कार्लो अबार्थ नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली इटलीत ही कंपनी काढली, त्यांचा जन्म नोव्हेंबरातला, रास वृश्चिक, म्हणून राशीचं चिन्ह गाडीला दिलं. मला वाटलं, रास म्हटल्यावर प्रकरण मिटेल. उलट चिघळलं. आजींनी सरांची रास काढली, वहिनींची काढली, आणि कोणाचीच वृश्चिक निघेना तेव्हा दसऱ्याला या गाडीला हार घालायचा तर तो नेमका विंचवाच्या गळ्यात पडणार, हे त्यांनी सगळ्यांच्या नजरेस आणून दिलं. शिवाय फियाटनं २०१९ च्या सुमारास इथून गाशा गुंडाळलेला. मागचा बंपर फुटला तर तो कुठून आणायचा, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि इटलीचा पत्ता सरांकडं नव्हता.

खरा विरोध वेगळ्याच दिशेनं आला. सरांचे वडील, आबा, वय पंचाहत्तरीपार, ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "चांगली दणकट गाडी घे. हे काय खेळणं? शेतात जाईन का? माल नेईन का?"

सर शांतपणे म्हणाले, "आबा, तुमची पटाची जोडी कधी वखराले जुंपली होती का?"

ओसरीवर सुई पडली असती तरी आवाज आला असता. तरुणपणी आबा शंकरपटातले नावाजलेले धुरकरी. वऱ्हाडात शंकरपट म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं: एक हलका छकडा, त्याला बैलांची जोडी, वर एकटा माणूस, सरळ धावपट्टी आणि सेकंदांचा हिशेब. पटाची जोडी शेतीला लावत नाहीत. तिला वेगळा खुराक, वेगळी झूल, वेगळी चाकरी. घरात पोरांना दूध कमी पडलं तरी जोडीला सरकी-ढेप कमी पडायची नाही. ती ओझं वाहत नाही, नांगर ओढत नाही, पैसा तर ओढतच नाही. तरीही अख्ख्या पंचक्रोशीत कोणी त्या मालकाला 'अ‍ॅव्हरेज किती' असं विचारल्याचं ऐकिवात नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या तेव्हा आबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं, आणि आबा पुन्हा पट पाहायला जाऊ लागले. पाहायलाच. पण घरी आल्यावर दोन्ही मनगटं दुखायची, म्हणजे बसल्या जागी कासरा तेच ओढत असणार.

तर आबा काही वेळ अंगणाकडं पाहत राहिले आणि मग एकदम व्यवहारावर आले. "घ्यायचीच आहे तं मीबी येतो. तुमाले जनावर पारखता येत नाई."

त्यांच्या अटी अशा: उभ्या जनावराचा भाव करायचा नाही, चालवून पाहायचं. मालक काय सांगतो ते ऐकायचं नाही, जनावर काय सांगतं ते ऐकायचं. आणि अंगानं हलकं हवं. थोराड जोडी सुटतानाच मागं पडते. ही शेवटची अट सरांच्या विषयातली. वस्तुमान कमी तर त्याच बळात त्वरण जास्त, हे ते वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहेत. गवळाऊ बैल हलक्या अंगाचा आणि चालीला चपळ का, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात नाही एवढंच.

हलक्या अंगाच्या शोधात आम्ही शेवटी एका अशा गाडीवर आलो की जिच्याकडं सरांनी आधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मारुतीची बलेनो आरएस. २०१७ च्या मार्चमध्ये आलेली, २०२० च्या सुरुवातीला बंद झालेली. इंजिन एक लिटरचं, तीनच सिलिंडर, पण टर्बो, १०२ अश्वशक्ती. गिअर हातानं बदलायचे. वजन साधारण ९५० किलो. मागंही डिस्क ब्रेक. दिसायला दर चौथ्या घरासमोर उभी असते तीच बलेनो. आई मागच्या सीटवर मावते, सुटे भाग बहुतेक वाशिमलाच मिळतात, विंचू नाही. विक्री कमी झाली होती कारण गिऱ्हाइकांनाही वाटलं, तेवढ्याच रूपासाठी एवढे जास्त पैसे का द्यायचे. जुन्या बाजारात अशी गाडी म्हणजे संधी. माझं मत विचाराल तर, रोजच्या अपडाऊनसाठी मजेची गाडी हीच. विंचवाची गाडी रविवारची.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. पहिली गाडी एका चकाचक दुकानात. टाय घातलेल्या पोरानं सांगितलं, "फक्त अडतीस हजार किलोमीटर, सर. डॉक्टरांची गाडी." जुनी गाडी नेहमी डॉक्टरांचीच असते. या हिशेबानं पुण्यातले डॉक्टर दवाखान्यात कमी आणि गाड्या बदलण्यात जास्त वेळ घालवतात. सरांनी मीटर पाहिलं, मी रंग पाहिला. आबा दार उघडून वाकले आणि ब्रेकच्या पायटीवरच्या रबरावर अंगठा फिरवला. रेघा सपाट. मग क्लचच्या. त्याही सपाट.

"हे जनावर जुळलं हाये," ते म्हणाले. "दोनदाती म्हणून इकून राह्यले."

बैलाचे दुधाचे दात पडून आठही पक्के दात आले की तो जुळला म्हणतात, वय पुरं झालं. मीटर मागं फिरवता येतं, दात नाही. अडतीस हजारांत पायटीचं रबर एवढं घासत नाही. पोरगा म्हणाला, डॉक्टर चपला घालून चालवायचे. सरांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. चारही टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी तरुण. अडतीस हजारांत टायरचा अख्खा संच बदलणारे डॉक्टर मी तरी पाहिले नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. हे मी मासिकात वाचलं होतं, २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारख्या पुरातल्या गाड्या धुऊनपुसून विकतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. तिथं रेघ नव्हती. तेवढा एक मुद्दा डॉक्टरांच्या बाजूनं.

दुसरी गाडी कोथरूडच्या एका निवृत्त गृहस्थांकडं. त्यांच्याजवळ प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल तारखेनं लावलेलं होतं. गाडी थंड होती. इंजिनावर हात ठेवून पाहिला, आधीच गरम करून ठेवलेली नव्हती. सुरू केली, धूर नाही. बॉनेटच्या नटांवरचा रंग शाबूत, म्हणजे पुढून कधी ठोकलेली नाही. सरांनी चक्कर मारली. परत आले तेव्हा चेहरा दहावीचा निकाल लागलेल्या पोरासारखा झाला होता. आबांनी ते हेरलं आणि डोळ्यांनी दटावलं, गिऱ्हाइकानं असं हसू नये, भाव वाढतो. मग स्वतः पुढं होऊन गृहस्थांचा हात धरला आणि वर आपला रुमाल टाकला. आमच्या बैलबाजारात सौदा असाच होतो, रुमालाखाली बोटं धरून, म्हणजे आजूबाजूच्यांना आकडा कळत नाही. गृहस्थांना वाटलं, ही वऱ्हाडातली हस्तांदोलनाची पद्धत. त्यांनी प्रेमानं हात हलवला. आबांनी तीन बोटं दाबली, त्यांनीही तीन दाबली. आबांच्या मते सौदा तिथंच झाला. गृहस्थांच्या मते त्यानंतर चहा झाला, आणि मग पाऊण तास घासाघीस.

कागदांचं फार सांगत नाही. नमुना २८ म्हणजे पुण्याच्या परिवहन कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र, २९ आणि ३० म्हणजे मालकी बदलाचे अर्ज, आणि विमा आपल्या नावावर करून घेणं. यांतला एकही नमुना पुढं ढकलू नका, कारण गाडी तुमच्या दारात उभी असते आणि चलन जुन्या मालकाच्या मोबाईलवर जातं. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, म्हणून गाडी वाशिमच्या वहीत आली तरी एमएच १२ च राहिली. परिणाम असा की सर आपल्याच गावात दाढी करायला गेले तरी नाक्यावरचे लोक त्यांना लोणार सरोवराचा रस्ता सांगायला धावतात. पुतण्याला ४१४१ नंबर हवा होता, वळणदार लिहिला की 'दादा' वाचता येतो म्हणून. आता उच्च सुरक्षा पाट्या आल्यामुळं आकड्यांना आकड्यांसारखंच दिसावं लागतं. एक अख्खी सुलेखनकला बुडाली.

आणि चालवण्याची मजा? ती समृद्धीवर नाही. ७०१ किलोमीटर सिमेंट, ताशी १२० ची मर्यादा, आमच्याकडच्या मालेगावजवळून चढायचं आणि स्टिअरिंग धरून बसायचं. झोप आवरणं हाच तिथला खेळ. मजा रिसोड-वाशिम रस्त्यावर आहे. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते, आणि वरचं डांबर तिच्या मागोमाग लाटा घेतं. पांढरी डिझेल त्या लाटांवर डुलते, मागच्या सीटवरच्या माणसांना उलट्या होतात. ही हलकी गाडी लाटेच्या माथ्यावर किंचित सुटते आणि पुढं टेकते. वळण आलं की तिसऱ्यात घ्यायचं, टर्बो दम भरतो, वळणातून बाहेर पडताना पाठ सीटला टेकते. वेग किती? साठ-सत्तर. तेवढ्यात पुढचं गाव, गतिरोधक, शेळ्या, रिठदचा थांबा. मग पुन्हा दुसरा, तिसरा. सरांचं म्हणणं, गाव संपल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट हीच त्यांच्या दिवसातली मधली सुट्टी. फाट्यावर कोणी हात केला तर ते अजूनही थांबतात, पण उतरल्यावर माणसं पुन्हा हात करायला थोडा विचार करतात.

एकदा पातूरच्या घाटात आबांना पुढं बसवून नेलं. आबांनी सगळा घाट दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, किंचित पुढं वाकून पार केला. वर आल्यावर एवढंच म्हणाले, "डाव्या अंगाले जरा ओढते. पाय तपास." दुसऱ्या दिवशी चाकांचं अलाइनमेंट केलं. डावीकडं खरंच ओढत होती.

सरांना एकच दुःख उरलं होतं: स्पोर्ट्‌स कार घेतली हे गावात कोणाला कळेचना. "हीच आमच्या मामाकडंबी हाये," असं विद्यार्थी सांगायचे. जाळीवर आणि डिक्कीवर 'आरएस' असे दोन इंग्रजी अक्षरांचे बिल्ले आहेत, तेवढीच खूण. सर ते रोज सकाळी फडक्यानं पुसायचे, कोणीतरी विचारेल म्हणून. शेवटी वाशिमच्या कॉलेजच्या शिपायानं विचारलं.

"सर, हे आरएस म्हणजे रिसोड ना?"

सर बोलायला तोंड उघडणार, तोच तो पुढं म्हणाला, "चांगलं केलं. गाडी पुण्याची असली तरी गावाचं नाव टाकलं."

आता तालुक्यातले तिघं-चौघं त्यांच्याकडं चौकशी करून गेलेत, की हे असे बिल्ले कुठं करून मिळतात, आणि पांढऱ्या डिझेलवर बसतील का.